आधी आई दाखवा

आमची आई मंडईत कलिंगड घ्यायला लागली की फळवाला बाकीची गिऱ्हाइकं सोडून तिच्याकडे बघत राहतो. आधी ती कलिंगड दोन्ही हातांत तोलते. मग कानाशी धरून टिचक्या मारते. देठ वाळलाय का बघते, जमिनीला टेकलेल्या बाजूचा पिवळा डाग बघते आणि एवढं सगळं करून ते खाली ठेवून शेजारचं उचलते. वस्तू साठ-सत्तर रुपयांची, दोन दिवसांत संपणारी. आणि तिचा मुलगा, म्हणजे मी, पुढची दहा-बारा वर्षं घरात राहणारा जीव हायवेलगतच्या एका हॉटेलच्या पार्किंगमधून सात मिनिटांत घेऊन आलो. टिचकीसुद्धा न मारता.

माझ्या बचावाचा मुद्दा एकच आहे. कलिंगड आपल्याकडे बघत नाही.

पिल्लू बघतं. खोक्याच्या कडेवर हनुवटी टेकवून ते असं बघतं, की बँकेच्या कर्जाचे बारीक अक्षरातले करार भिंग लावून वाचणारा माणूससुद्धा खिशात हात घालून ‘हेच द्या’ म्हणून मोकळा होतो. माझंही तेच झालं. फरक इतकाच, की मी ‘हेच द्या’ म्हणायच्या आधी घासाघीस केली आणि त्या घासाघिशीचा मला पुढचे तीन दिवस अभिमान वाटत होता.

घरात कुत्रा आणायचा ठराव मुळात आमच्या कन्येनं मांडला. तिला हस्की हवा होता, निळ्या डोळ्यांचा. हस्की हा सायबेरियातला, बर्फावर गाड्या ओढणारा गडी. आमच्याकडे ओढायला एक स्कूटर होती आणि बर्फ होता तो फ्रीजच्या वरच्या कप्प्यात. एप्रिलमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा आम्ही अंगावरची चादरसुद्धा लाथेनं बाजूला सारतो. तिथे जन्मतःच दुहेरी लोकरीचा कोट शिवून आलेल्या जिवानं काय करायचं? ‘त्याला एसी लावू,’ कन्या म्हणाली. ‘मी सात वर्षं मागतेय,’ आई म्हणाली. हस्की तिथेच पडला.

मग पगचं नाव निघालं. २००३ साली हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत एक पग एका मुलाच्या मागे मागे फिरला आणि पुढे कित्येक वर्षं आपल्याकडे सोसायटीगणिक एक तरी पग घोरू लागला. त्या कंपनीचं नाव पुढे दोनदा बदललं, नेटवर्क येत-जात राहिलं, पग मात्र राहिले. पगचा चेहरा माणसानं पिढ्यान् पिढ्या निवडून निवडून इतका चपटा केलाय, की नाकाला तिथे पोटभाडेकरूइतकीच जागा उरलीय. आमच्या शेजारच्या इमारतीतला पग पहिला मजला चढला की थांबून एक आवाज काढतो. मालक कौतुकानं म्हणतात, ‘बोलतो तो.’ डॉक्टर त्याला धाप लागणं म्हणतात.

मेहुण्यानं जर्मन शेफर्डची बाजू लढवली, पण शेवटी एकमत झालं ते लॅब्रेडॉरवर. लॅब म्हणजे सर्वपक्षीय उमेदवार. मुलांशी चांगला, पाहुण्यांशी चांगला, चोरांशीही चांगला. शिवाय ‘काहीही खातो’. हे लोक गुण म्हणून सांगतात. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ साली शोधून काढलं, की साधारण चारातल्या एका लॅबमध्ये एका जनुकाचा तुकडा गायब असतो आणि त्यामुळे पोट भरल्याची बातमी मेंदूपर्यंत नीट पोचत नाही. हे मी जेवताना मोठ्यांदा वाचून दाखवलं. बायकोनं माझ्या तिसऱ्या पुरणपोळीकडे बघून विचारलं, ‘फक्त लॅबमध्येच का?’

आई शेवटपर्यंत विरोधात होती. पण ठराव मंजूर झालाय म्हटल्यावर तिनं एकच प्रश्न विचारला. ‘त्याची आई बघणार आहेस ना?’

‘आई, कुत्र्याची आई कोण बघतं?’

‘खाण तशी माती,’ ती म्हणाली आणि मटार सोलायला लागली. या तीन शब्दांची किंमत मला पुढच्या आठवड्यात कळली. पावतीसकट.

पिल्लू शोधायला लागल्यावर पहिल्यांदा कळतं, की या बाजाराची मराठी वेगळी आहे. ‘हेवी बोन आहे सर.’ ‘पंच फेस बघा.’ ‘डबल कोट गॅरंटी.’ ‘चॅम्पियन लाइन.’ पंच फेस म्हणजे ठोसा मारून आत बसवल्यासारखा चेहरा. ठोसा मारल्याबद्दल कुठेही नुकसानभरपाई मिळते, इथे जास्तीचे पैसे पडतात. हेवी बोन म्हणजे पिल्लाचे पाय जाडजूड. आत हाड जड आहे की नुसतीच चरबी, हे विक्रेत्याला बाहेरून कसं कळतं ते मी विचारलं नाही, कारण लहानपणी मलाही नातेवाईक ‘हाडापेरानं मजबूत’ म्हणत आणि तो प्रत्यक्षात शिरा होता.

गुटगुटीत म्हणजे निरोगी ही समजूत आपल्याकडे बाळांच्या स्पर्धांपासून चालत आलीय आणि पिल्लांच्या बाजारात ती रोख पैशांत वटते. अमेरिकेत ४८ लॅब्रेडॉरांवर त्यांच्या जन्मभर एक प्रयोग झाला. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खायला द्यायचं. २००२ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कमी खाणारे जवळजवळ दोन वर्षं जास्त जगले आणि त्यांचे सांधेही उशिरा कुरकुरले. हे मी विक्रेत्याला सांगितलं असतं तर त्यानं ‘मग बारीक पण आहे सर’ म्हणून दुसरं खोकं उघडलं असतं.

त्यातून पुन्हा ‘शो क्वालिटी’ आणि ‘पेट क्वालिटी’. शो क्वालिटी प्रदर्शनात उभं करायला, पेट क्वालिटी घरात ठेवायला. म्हणजे आपल्या शोकेसमधले कप आणि रोजचे कप. आणि सगळ्यांत महत्त्वाचा भेद ‘विथ पेपर’ आणि ‘विदाउट पेपर’. मला एकाच पिल्लाचे दोन भाव सांगण्यात आले. कागदासकट पंचवीस हजार, कागदाविना नऊ.

‘साहेब, कुत्रा तोच,’ फोनवरचा आवाज म्हणाला. ‘कागद काय भुंकणार आहे?’

कागद भुंकत नाही, हे मला तत्काळ पटलं. कागद चावतो, हे नंतर मेहुण्याला कळलं. पण ते पुढे.

रविवारी सकाळी अकरा वाजता ठरलेल्या हॉटेलच्या पार्किंगमध्ये एक माणूस वेफर्सचं खोकं घेऊन उभा होता. खोक्यात एकच पिल्लू. ‘बाकीची गेली सर, हातोहात.’ किती दिवसांचं आहे? ‘पंचेचाळीस.’ या बाजारातली सगळी पिल्लं पंचेचाळीस दिवसांची असतात, जशा सगळ्या जुन्या गाड्या एकाच डॉक्टरनं वापरलेल्या असतात. लस? त्यानं एक कार्ड काढून दिलं. त्यावर स्टिकर होतं, शिक्का होता आणि सही इतकी अगम्य होती की ती डॉक्टरचीच असणार याबद्दल शंका उरली नाही. मला आईची आठवण झाली म्हणून मी ओझरतं विचारलं, ‘आणि आई?’

‘गावाला आहे सर.’

बाळंतपणाला माहेरी गेली असेल, असं समजून मी मान डोलावली. नऊचे साडेसात झाले. पिल्लू घरी येईपर्यंत बायकोच्या मांडीवर निपचित पडून होतं. ‘किती शांत आहे ना स्वभावानं!’ आम्ही एकमेकांना सांगितलं. नऊ हजारांचा कुत्रा साडेसातात आणि वर स्वभावही शांत!

त्याचं नाव ठेवलं ब्रूनो. आईच्या तोंडात ते बसेना, तिनं त्याचा बर्णू केला. बुधवारी सकाळी बर्णूनं दूध ओकलं. दुपारी पाणी ओकलं. संध्याकाळी त्याला रक्ताची हगवण लागली आणि घरभर असा वास सुटला की कन्या रडायचं थांबून नाक धरून बसली.

डॉक्टरांनी तपासणीच्या पट्टीवर दोन रेघा उमटलेल्या बघितल्या आणि ‘पार्व्हो’ म्हणाल्या. मग विचारलं, ‘कधी आणलंत?’

‘रविवारी.’

‘विषाणू पोटात गेल्यापासून लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस लागतात.’ त्या थांबल्या. मी टेबलाखाली बोटं मोजली. पाहुणा बहुधा बर्णूबरोबर खोक्यातूनच आला होता. डॉक्टरांनी त्याचा जबडा उघडला, हिरड्यांवरून बोट फिरवलं. ‘पंचेचाळीस दिवसांचं म्हणाले? मागच्या दाढा अजून वर यायच्यात. महिना-सव्वा महिन्याचा असेल. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायचंच नसतं, २०१७ पासून केंद्राचा नियमच आहे. आईला बघितलंत का?’

‘गावाला होती,’ मी म्हणालो. हे वाक्य दवाखान्यात म्हणताना कसं वाटतं ते सांगता येत नाही.

माझ्या आईनं तेवढ्यात विचारलं, ‘आईपासून लवकर तोडलं म्हणून झालं का हो हे?’ डॉक्टरांनी खुर्ची तिच्याकडे वळवली आणि पुढची दहा मिनिटं त्या माझ्याशी बोलल्याच नाहीत. पिल्लाला पहिल्या दिवशी आईच्या चिकातून, म्हणजे ज्याचा आपण खरवस करतो त्या पहिल्या दुधातून, रोगाशी लढायची उसनी ताकद मिळते. ही शिदोरी दीड-दोन महिन्यांनंतर हळूहळू संपत जाते. गंमत अशी, की ती असते तोवर लसीलाही नीट काम करू देत नाही. कुणाची शिदोरी कधी संपेल ते सांगता येत नाही, म्हणून एका डोसवर भागत नाही. सहा-आठ आठवड्यांपासून तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं चार महिन्यांचं होईपर्यंत डोस देत राहायचे. आणि आईलाच वेळेवर लस दिलेली नसेल, तर शिदोरीचं गाठोडं मुळात रिकामं.

‘म्हणजे खाण तशी माती,’ आई म्हणाली. डॉक्टरांनी हे वाक्य कागदावर लिहून घेतलं असतं तरी मला आश्चर्य वाटलं नसतं.

या विषाणूला मारणारी गोळी डॉक्टरांकडे नव्हती. तो आतड्याचं अस्तर सोलतो, रक्तातल्या पांढऱ्या पेशी पाडतो. सलाईन, उलटी थांबवायचं औषध आणि मागून येणाऱ्या जंतूंसाठी अँटिबायोटिक देत पिल्लाला तगवून धरायचं, बाकीचं त्यानं करायचं. सहा दिवस बर्णू दवाखान्यात होता. माझ्या अंगठ्याएवढा पंजा, त्यात सुई, त्यावर निळी चिकटपट्टी आणि शेजारी स्टुलावर ठरावाच्या विरोधात मत दिलेली आमची आई. तिनं घरून जुनी नऊवारी आणून त्याच्याखाली घातली होती. सहाव्या दिवशी सकाळी बर्णूनं ती निळी पट्टी कुरतडून काढली आणि आईच्या बोटाला दात लावले. ‘चावला!’ आई आनंदानं ओरडली. त्या दवाखान्याच्या इतिहासात कुत्रा चावल्याबद्दल पेढे वाटणारी ती पहिलीच असावी.

शांत स्वभावाचा अर्थ तेव्हा कळला. धडधाकट पिल्लू शांत नसतं. ते बुटाची नाडी ओढतं, भावंडांच्या अंगावर पडतं, कुणी आलं की आधी दचकतं आणि मग हुंगायला येतं. मांडीवर निपचित पडून राहणाऱ्या पिल्लाला संस्कार नसतात, ताप असतो.

बिल झालं २१,८०० रुपये. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण मी लहानपणापासून ऐकत होतो, पण ती हिशेबाची सारणी आहे हे ठाऊक नव्हतं. चाराला बारा, म्हणजे तिप्पट. साडेसात हजारांच्या तिप्पट होतात २२,५००. पूर्वजांचा अंदाज फक्त सातशे रुपयांनी चुकला.

घरी आल्यावर फरशा पुसायचा प्रश्न आला. आईनं फिनेलची बाटली काढली, तर डॉक्टरांनी सांगितलं होतं की पार्व्हो फिनेलला दाद देत नाही, ब्लीचचं पाणी लागतं, आणि नाही पुसलं तर विषाणू कोपऱ्यात महिनोन्‌महिने टिकून राहतो. आईची फिनेलवरची पन्नास वर्षांची श्रद्धा त्या दिवशी डळमळली. देवघराबाहेरची तिची एवढीच एक श्रद्धा होती.

ही सगळी कथा मेहुण्यानं शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाला, ‘मी म्हटलं होतं. स्वस्तात जाऊ नकोस. जीव घ्यायचा तर कागद बघून घ्यायचा.’ महिन्याभरानं त्यानं साठ हजारांचा जर्मन शेफर्ड आणला. विथ पेपर. तो कागद त्यानं लॅमिनेट करून दिवाणखान्यात लावला, स्वतःच्या पदवीच्या शेजारी आणि किंचित वर.

कागद खरा होता, हे आधीच सांगतो. केनेल क्लब ऑफ इंडियाचं कार्यालय चेन्नईला आहे, तिथली नोंद होती. पिल्लाच्या मानेशी कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप होती आणि तिचा पंधरा आकडी क्रमांक कागदाशी जुळत होता. डावीकडे पिल्लाचं नाव. ते एवढं मोठं होतं की ते पुरतं हाक मारेपर्यंत कुत्रा तीन चौक ओलांडून गेला असता. मग उजवीकडे फुटत गेलेल्या फांद्या. आई-बाप, आजी-आजोबा, पणजोबा. जागोजागी ‘चॅम्पियन’. आपल्याकडे लग्नाच्या बोलणीत ‘मुलाचे चुलत आजोबा मामलेदार होते’ असं सांगतात, तसा प्रकार.

आमच्या आईनं चष्मा लावला आणि ती भिंतीजवळ गेली. उभ्या आयुष्यात तिनं तीस-चाळीस पत्रिका जुळवल्यात. ती फांद्यांवरून बोट फिरवत गेली, थांबली, परत मागे आली.

‘हे बघ रे. ह्याच्या आईच्या बापाचं नाव आणि बापाच्या बापाचं नाव एकच कसं?’

‘लाइन ब्रीडिंग, काकू,’ मेहुणा अभिमानानं म्हणाला. ‘मुद्दाम करतात. गुण पक्के होतात.’

‘अरे, म्हणजे ह्याचे आईवडील सावत्र बहीण-भाऊ झाले की!’

दिवाणखान्यात शांतता पसरली. ‘आपल्यात मामाची मुलगी करतात,’ आई पुढे म्हणाली, ‘तिथवर मी समजू शकते. पण हे...’ आणि मग जो प्रश्न मेहुण्यानं साठ हजार मोजताना विचारायला हवा होता तो तिनं फुकटात विचारला. ‘गुण पक्के होतात, तर दोषही पक्के होत असतील ना?’

होतात. यात आपण लाजायचं कारण नाही, थोरामोठ्यांनाही हे उशिराच सुचलं. लंडनमधला केनेल क्लब १८७३ सालचा. सख्ख्या बहीण-भावांची किंवा मायलेकांची पिल्लं नोंदवायची नाहीत, असं त्यांनी ठरवलं ते २००९ साली, तेही आदल्या वर्षी बीबीसीनं खानदानी कुत्र्यांच्या आजारांवर माहितीपट दाखवून बभ्रा केल्यावर. म्हणजे १३६ वर्षं लागली. आमच्या आईला चष्मा पुसण्यासकट दीड मिनिट लागलं.

नवव्या महिन्यात मेहुण्याचा कुत्रा जिन्याच्या वळणावर बसायला लागला. आधी वाटलं लाडावलाय. मग सकाळी उठताना मागचा पाय ओढायला लागला. एक्स-रे काढला. खुब्याच्या सांध्यात मांडीच्या हाडाचा गोळा एका खोल वाटीत घट्ट बसायला हवा. इथे वाटीची बशी झाली होती आणि गोळा कडेला लटकत होता. हिप डिस्प्लेजिया. जर्मन शेफर्ड, लॅब, गोल्डन रिट्रीव्हर अशा मोठ्या जातींमधलं नेहमीचं दुखणं, आणि बरंचसं आनुवंशिक. म्हणून चांगले ब्रीडर आई-बापांचे खुबे कुत्री दोन वर्षांची झाल्यावर एक्स-रे काढून तपासून घेतात आणि मगच जोडी लावतात. मेहुण्यानं ती काळी फिल्म दिवाणखान्याच्या उजेडात धरली आणि भिंतीवरच्या कागदाकडे बघितलं. पणजोबांनी कुठे कुठे बक्षीस मिळवलं ते सगळं तिथे होतं. आईच्या खुब्याबद्दल एक अक्षर नव्हतं.

कागदाची त्यात चूक नाही. तो वंशावळ सांगतो, तब्येत नाही. सातबाऱ्यावर जमीन कुणाची ते कळतं, विहिरीला पाणी आहे का ते खाली उतरून बघावं लागतं.

आता मी आणि मेहुणा महिन्यातून एकदा दवाखान्याच्या बाकावर शेजारी शेजारी बसतो. मी साडेसात हजारांचा मालक, तो साठ हजारांचा. बाकावर बसलेल्याची किंमत कुणाला दिसत नाही, फक्त फाइलची जाडी दिसते. समोर आमच्या सोसायटीच्या दारातला गावठी भुऱ्या रेबीजच्या इंजेक्शनसाठी वॉचमनबरोबर आलेला असतो. किंमत शून्य, कागद नाही, आजोबा अज्ञात. तो आमच्या दोघांकडे ज्या नजरेनं बघतो तिचं वर्णन मी करणार नाही. टपाल खात्यानं २००५ साली तिकिटावर छापलेला मुधोळ हाउंड, ज्याला आपल्याकडे धनगरवाड्यावर कारवान म्हणतात, तोही एकदा तिथे आला होता. लांब पाय, दिसतील एवढ्या बरगड्या, एका उडीत टेबलावर. शेजारच्या बाई हळहळल्या, ‘खायला घालत नाहीत वाटतं.’ हेवी बोन नव्हता बिचारा.

एकदा गर्दी कमी होती तेव्हा मी डॉक्टरांना सरळ विचारलं, ‘मग स्वस्त घ्यावं की महाग?’

‘भाव ऐकून तब्येत कळत नाही,’ त्या म्हणाल्या. ‘पण भाव एवढाच का, हे विचारलं तर पुष्कळ कळतं.’ मग त्यांनी औषधाच्या चिठ्ठीमागे आकडेमोड केली. महिना झाला की पिल्लं आईच्या दुधावरून खाण्यावर येतात. तिथून आठ आठवड्यांपर्यंतचे दिवस विकणाऱ्याला सगळ्यांत महाग. आठ पिल्लांचं चार वेळचं खाणं, जंतांची औषधं, पहिली लस, दिवसातून दहादा फरशी. महिन्याचं असतानाच विकलं की हा सगळा खर्च वाचतो. आईचा एक्स-रे काढला नाही तर तोही वाचतो. अठरा महिन्यांच्या आधी वेतात घालायची नाही, जन्मात पाचापेक्षा जास्त वेतं घ्यायची नाहीत, असा नियम आहे. तो पाळला नाही की आणखी वाचतो. ‘तुम्हाला जे स्वस्त मिळालं ना, ते त्याच्या नफ्यातून कमी झालेलं नव्हतं. पिल्लाच्या ताटातून काढलेलं होतं.’

घासाघीस करून वाचवलेले माझे दीड हजार त्या दिवशी माझ्या डोळ्यांसमोरून गेले. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

गेल्या महिन्यात आमच्या वरच्या मजल्यावरच्या तरुण जोडप्याला लॅब घ्यायचा होता. सल्ला मागायला ते माझ्याकडे आले असते तर बरं वाटलं असतं. ते आईकडे आले. रविवारी आम्ही सासवडच्या बाजूला एका ब्रीडरच्या घरी गेलो, मी ड्रायव्हर म्हणून. अंगणात पोचल्या पोचल्या नवऱ्यानं खिशातला मोबाइल चाचपून ‘भाव काय लावताय?’ असं सुरू केलं. आईनं त्याचा दंड दाबला.

‘भाव नंतर. आधी आई दाखवा.’

ब्रीडर हसला. आतून एक पिवळसर लॅब बाहेर आली, सड अजून ओघळलेले, शेपूट कमरेसकट हलत होतं. आईनं तिला अंगणभर चालवून घेतलं, डोळे बघितले, कानाच्या आत वास घेतला, पोटाखालची कातडी बघितली. मग पिल्लांकडे वळली. सात होती. एकेकाला दोन्ही हातांत तोलून बेंबीवरून बोट फिरवलं, पोट फुगलेलं आहे की भरलेलं ते दाबून बघितलं. शेवटी त्यांच्या मागे जाऊन तिनं टिचकी वाजवली. सातही माना वळल्या. मला मंडई आठवली.

ब्रीडरनं आई-बापांचे एक्स-रे दाखवले, लसीचं कार्ड दाखवलं, त्यावर तारखा होत्या. भाव पस्तीस हजार सांगितला. नवऱ्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात ब्रीडरनं वही काढली.

‘दिवसभर घरी कोण असतं?’

दोघं एकमेकांकडे बघायला लागले. ‘तसं... आम्ही दोघंही आयटीत आहोत.’

‘म्हणजे नऊ तास एकटा. कितवा मजला? लिफ्ट बंद पडली तर? घर स्वतःचं की भाड्याचं? मालकाची लेखी परवानगी? आधी कुत्रा होता का? त्याचं काय झालं?’

भाव पाडायला आलेला माणूस खुर्चीत सरळ होऊन बसला. बायकोनं पदर नसताना तो सावरल्यासारखं केलं. ब्रीडरच्या बायकोनं पोहे आणले. समोरून प्रश्न, हातात पोह्यांची बशी आणि कुणाच्या घशाखाली घास उतरेना. आई तेवढी व्यवस्थित खात होती.

निघताना ब्रीडर फाटकापर्यंत आला, वही बंद केली आणि म्हणाला, ‘कळवतो.’

गाडीत दहा मिनिटं कुणी बोललं नाही. मग नवरा फुटला. ‘काकू, हे काय झालं? पस्तीस हजार आपण द्यायचे आणि वर नकारही आपणच घ्यायचा?’

आई खिडकीची काच खाली करत म्हणाली, ‘स्थळ चांगलं आहे.’